उजव्या वळणाची थोरवती

"सातपुते, माप!"

"एकवीस घरं लांब, साडेपाच रुंद."

"म्हणजे?"

"दोनशे दहा मायक्रॉन बाय पंचावन्न."

"आणि वळण?"

भिंगावरचा डोळा न काढता मी जरा थांबले. थांबून काही उपयोग नव्हता. "डावं, सर."

उपळेकर सरांनी वहीच्या डाव्या रकान्यात रेघ मारली आणि मोठा सुस्कारा सोडला. ती तीनशे बारावी रेघ होती. शेजारचा उजवा रकाना पहिल्या दिवशी आखला होता तसाच कोरा होता.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि पंचगंगेकाठच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. शिकवत होते म्हणजे तासिका तत्त्वावर. चार वर्षं झाली तरी कायमची ऑर्डर काही हातात पडत नव्हती. शिपाईसुद्धा मला 'तासावरच्या मॅडम' म्हणत आणि स्टाफरूममधली बरी खुर्ची दुसऱ्या कुणासाठी ओढून घेत.

ज्याचं माप चाललं होतं तो जीव म्हणजे पॅरामेशियम. साचलेल्या पाण्यात राहणारा, एकाच पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा. शाळेच्या पुस्तकात 'चपलेच्या आकाराचा' असं त्याचं वर्णन असतं आणि पोरं पुढे जन्मभर तेवढंच लक्षात ठेवतात. अंगभर बारीक केस, त्यांच्या जोरावर पोहणं, आणि एका बाजूला तोंडाकडे जाणारी, दाट केसांची तिरपी खाच. त्या खाचेमुळे तो किंचित एका अंगाला वळलेला दिसतो. जगभरचे पॅरामेशियम एकाच अंगाला, म्हणजे आमच्या भाषेत डावीकडे वळतात. आमच्या कॉलेजच्या मागच्या तळ्यात मात्र बासष्ट साली उपळेकर सरांना उजवीकडे वळणारा सापडला होता.

सरांनी त्याच्यावर निबंध लिहिला, तो छापून आला आणि नव्या जातीला सरांनी संस्थापकांचं नाव दिलं. संस्थापक होते तात्यासाहेब थोरवत. लॅटिनच्या नियमाप्रमाणे नावाला शेवटी वेलांटी लागली आणि झालं 'पॅरामेशियम थोरवती'. तात्यासाहेबांना आधी फार आनंद झाला म्हणे. आपल्या नावाचा प्राणी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे वाघबिघ आला असावा. "केवढा आहे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सरांनी अत्यंत प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "एका मिलिमीटरमध्ये पाच बसतील." मग गावात प्रश्न निघाला की ही थोरवती कोण बाई? आणि मग कुणीतरी पुस्तक उघडून ती चपलेच्या आकाराची असते असं सगळ्यांना सांगितलं.

सरांना मात्र ह्यातलं काही ऐकू जात नसे. कॉलेजच्या रौप्यमहोत्सवाला तीन आठवडे होते, सर त्याच महिन्यात निवृत्त होणार होते, आणि त्याआधी तळ्यातले पाचशे जीव मोजून थोरवतीचं पुन्हा दर्शन घ्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून आम्ही दोघं रोज वाळल्या गवताचा काढा करून बरण्या भरत होतो, काचपट्टीवर कापसाचे धागे टाकून त्या धावऱ्या जीवांना अडकवत होतो आणि डोळे फोडून घेत होतो.

"सर, तीनशे बारा झाल्या. सगळ्या डाव्या."

"सातपुते, गणपती किती पाहिलेत तुम्ही?"

"पुष्कळ."

"त्यात उजव्या सोंडेचे किती?"

"एखाददुसरा."

"मग? उजव्या सोंडेचा कडक असतो. त्याचं सोवळं सांभाळावं लागतं. काल तुम्ही ह्या टेबलावर भडंग खाल्लंत. कशी येईल ती?"

सर विनोद करत नव्हते. भिंगातल्या पट्टीच्या अर्ध्या घराची चूक झाली म्हणून त्यांनी एकदा माझ्याकडून चाळीस मापं परत घेतली होती. मायक्रॉनच्या बाबतीत हा माणूस देवालाही सूट देणारा नव्हता.

त्याच दुपारी संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब प्रयोगशाळेत आले. बापूसाहेब म्हणजे तात्यासाहेबांचे चिरंजीव. पांढरे शुभ्र कपडे, हातात रुमाल. गवताच्या काढ्याचा वास आल्याबरोबर तो रुमाल नाकावर गेला आणि जाईपर्यंत तिथेच राहिला.

"काय ओ सर, कुठवर आलं?"

"शोध चालू आहे."

"चोवीस वर्षं चालूच हाय की." बापूसाहेबांनी बरण्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमचा अर्ज माझ्या टेबलावर हाय. चार वर्षं झाली न्हवं? आपण असं करू. हे थोरवतीचं एवढं एकदा निकाली काढा. महोत्सवाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. थोरवतीचा निकाल लागला की तुमचाबी निकाल त्याच टेबलावर लावून टाकतो."

सर उजळले. "बापूसाहेब, सापडणारच!"

"बघा," बापूसाहेब रुमालातून म्हणाले आणि गेले.

म्हणजे आता कसं झालं बघा. आधी सरांना थोरवती हवी होती, आता मला हवी झाली. उजव्या रकान्यात एक रेघ, एकच, आणि मी कायम. त्या दिवसापासून मी प्रयोगशाळेत भडंग खाणं सोडलं. एवढंच नव्हे, खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी सकाळी येताना गणपतीला एक दूर्वांची जुडीही वाहिली.

चारशे झाल्या. चारशे साठ झाल्या. सगळ्या डाव्या.

महोत्सवाच्या आधीच्या रविवारी सरांनी मला घरी एक काम दिलं. मंडपात लावायला थोरवतीचं मोठं चित्र हवं होतं. त्यासाठी त्यांनी बासष्ट सालचा मूळ कागद काढून दिला. पातळ बटरपेपर, कडांना पिवळा पडलेला, वर काळ्या शाईनं काढलेली थोरवती. केस न् केस रेखलेला. अशी सुबक चित्रं मी फार थोडी पाहिली आहेत. "जपून," सर म्हणाले, "जगात हिचा एवढाच पुरावा आहे."

आमचं घर म्हणजे पुढे माझ्या वडिलांचं, आबांचं दुकान आणि मागे आम्ही. आबा पायताणं करत. त्यांच्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती. ते उंबऱ्याशी बसून तळ कापत होते आणि मी शेजारी उन्हात कागद पसरून चौकटी आखत होते. मध्येच आबांनी कातडं कापायची रापी खाली ठेवली.

"शाले, कुणाच्या पायाचं माप हाय ह्ये?"

"पायाचं नाही आबा. किडा आहे."

"असंल. पर पायताण उजव्या पायाचं हाय."

"तेच तर त्याचं मोल. बाकी सगळी डावी असतात. ही एकच उजवी."

"आण बघू हिकडं."

आबांनी हात धोतराला पुसले आणि कागद उचलला. डोळ्यांजवळ नेला नाही. त्यांना जवळचं नीट दिसत नव्हतंच. त्यांनी कागद मांडीवर ठेवून त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग उलटून दुसऱ्या बाजूनं फिरवलं.

"डावीच हाय की," ते म्हणाले.

"आबा!"

"वरडू नको. नख लावून बघ. पेन्सिलीचा दाब ह्या अंगाला हाय, आनि शाई त्या अंगाला. पेन्सिलीनं काढलं ते डावं हुतं. शाई लावनाऱ्यानं कागुद पालथा धरला, झालं उजवं."

"पण वर तोंड दिसतंय ना? पालथं असतं तर तोंड कसं दिसलं असतं?"

"अगं, पायताण पालथं न्हाई घातलं, माप पालथं घातलंय. डावं पायताण जमिनीवर पालथं टाकलं तर उजव्यासारखं दिसंल, पर मग अंगठा दिसायचा न्हाई, तळ दिसंल. हितं अंगठा वर हाय आनि वळान उजवं. म्हंजी एक तर पायताणच उजवं, न्हाई तर कागुद पालथा. आनि कागुद पालथा हाय, ह्ये माझं नख सांगतंय."

मी कागद घेतला. नख फिरवलं. मागच्या बाजूला पेन्सिलीची चर बोटाला लागत होती. मी कागद उलटा करून उन्हात धरला आणि बघते तो काय, चारशे साठ वेळा पाहिलेला तो आमचा रोजचा, साधा, डावा पॅरामेशियम. मला खाली बसायचं होतं, पण मी आधीच बसलेली होते.

आबांना आता उत्साह आला होता. "माझीबी झालीया अशी चूक. एकाच पायाचं माप घ्यायाचं, डावं कापायचं, मग कागुद पालथा घालून उजवं कापायचं, अशी आमची रीत. त्या जाधव हवालदाराच्या येळंला कागुद पालथा घालायचाच इसरलो. दोन्ही पायताणं डावी. बिचारा वरीसभर घालून हिंडला. चालता चालता डावीकडंच वळायचा. चोरास्नी कळलं, त्ये उजवीकडनं पळाय लागले." ते मनापासून हसले. मग माझं तोंड बघून थांबले. "तुझ्या सराचं लई नुकसान हाय का गं?"

"सरांचं आहेच. माझंही आहे."

आबांनी रापी उचलली. ते पुन्हा तळ कापायला लागले, तेही नेहमीपेक्षा सावकाश.

मी तशीच उठून सरांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. उपळेकर काकू म्हणजे ठेंगणी, हसरी, सतत काहीतरी खायला घालणारी बाई. "आलीस? बस. थालीपीठ टाकते," असं म्हणून त्या आत गेल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत थोरवतीचं छापलेलं चित्र चौकटीत लावलेलं होतं, आणि शपथेवर सांगते, तिलाही हार होता.

सर मागच्या अंगणात होते. तिथेही चार बरण्या. मी कागद पुढे केला आणि तोंड उघडलं. "सर, हा बटरपेपर…"

"पालथा आहे," सर म्हणाले.

माझं तोंड उघडंच राहिलं.

"हळू बोला. ती आत आहे." त्यांनी दार लोटून घेतलं. "त्रेसष्टच्या जूनमध्ये कळलं मला. निबंध छापून आल्यावर सहा महिन्यांनी."

"म्हणजे तेवीस वर्षं तुम्हाला माहीत आहे?"

"पेन्सिलीनं मी काढलं होतं. शाई हिनं लावली. मी मापं सगळी जिवंत प्राण्यावर घेतली, पण वळण लिहिलं ते शाईचं चित्र समोर ठेवून. तिथे फसलो." सरांनी चष्मा काढून पुसला. "लग्नाला सहा महिने झाले होते. अंक आला त्या दिवशी हिनं पेढे वाटले. माहेरी वीस प्रती पाठवल्या. चौकट करून लावलीन. आता मी हिला काय सांगू सातपुते? की बाई गं, तुझ्या हातून एक कागद उलटला आणि त्यातून एक अख्खी जात जन्माला आली?"

"म्हणून तुम्ही शोधताय?"

"एक. खरोखरची उजवी एक सापडली की संपलं. मग तिची चूक ही चूकच राहत नाही."

तेवीस वर्षं हा माणूस रोज तळ्यावर जातो, बरण्या भरतो, सोवळं पाळतो, ते एका बाईला वाईट वाटू नये म्हणून! मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम कसं करायचं ते मला कळेना.

मग सर जे बोलले ते मी आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. ते बरणीकडे बघत म्हणाले, "वही तुमच्याकडे ठेवा. उरलेल्या चाळीस तुम्ही मोजा. त्यात उजव्या रकान्यात एक रेघ मारा. मी सही करीन."

"सर?"

"तुम्ही चार वर्षं तासावर आहात. मी पुढच्या महिन्यात घरी बसेन, मग तुमच्यासाठी शब्द टाकायला कुणी नाही. एक रेघ. तिचंही भलं, तुमचंही भलं."

अर्ध्या घरासाठी चाळीस मापं परत घ्यायला लावणारा माणूस हे बोलत होता. तेवढ्यात काकू थालीपीठ घेऊन आल्या. उजव्या हातानं लोण्याचा गोळा वाढत त्यांनी विचारलं, "सापडली का गं आमची थोरवती?" मी तोंडात मोठा घास घातला.

उरलेल्या चाळीस मी मोजल्या. डाव्या. आणि महोत्सवाच्या दिवशी सकाळी, नवी पैठणी वाटावी अशी नकली साडी नेसून झाल्यावर, मी पेन्सिलीला टोक केलं आणि उजव्या रकान्यात एक रेघ मारली. बारीक, पण मारली. आज मी सभ्य, निवृत्त प्राध्यापिका आहे म्हणून ते लपवायचं काही कारण नाही.

मंडप खच्चून भरला होता. व्यासपीठावर एका टेबलावर आमचा सूक्ष्मदर्शक ठेवला होता आणि कुणा उत्साही माणसानं त्याला शाल पांघरून वर नारळ ठेवला होता. मी तो नारळ आणि शाल काढून टेबलावर ठेवली, काचपट्टीवर एक जीव धाग्यांत अडकवून ठेवला आणि बाजूला वही घेऊन उभी राहिले. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. आबा मागे कुठेतरी असणार होते. मी त्यांना शोधायचं टाळलं.

बापूसाहेब फेटा सावरत भिंगावर वाकले. ज्यानं आयुष्यात कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला नाही, त्याला पहिल्यांदा काय दिसतं हे आम्हा शिकवणाऱ्यांना पाठ असतं. त्याला स्वतःच्या पापण्या दिसतात.

"दिसली," बापूसाहेब माइकवर म्हणाले. आवाज जरा पडलेला होता. "लांब लांब काळे केस हैत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे पाहिलं. दोघांनीही बापूसाहेबांच्या पापण्यांकडे पाहिलं.

आता सगळं मिटलंच होतं. अध्यक्षांना थोरवती दिसली, वहीत रेघ होती, ऑर्डर टेबलावर होती. पण काकूंना राहवेना. "मला बघू दे की," म्हणत त्या पदर खोचून वर आल्या. त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला, माझ्याकडून हळूच चक्र फिरवून घेतलं आणि चांगल्या मिनिटभर बघत राहिल्या. चित्र काढणाऱ्या माणसाचं ते बघणं होतं.

"अहो, ही तर उलटी आहे," त्या म्हणाल्या.

समोर माइक होता. सगळ्या मंडपानं ते ऐकलं.

"म्हणजे ही सुलटी. मी काढली ती उलटी! ह्या बारीक केसांचा सगळा पसारा डाव्या अंगाला. माझा हात त्याच्यावरून जायचा आणि ओली शाई पुसायची. दोन वेळा पुसली. म्हणून मग मी कागद पालथा केला आणि काढली. मला काय माहीत तुमच्या किड्यांनाही डावं-उजवं असतं ते!" आणि त्या खो खो हसायला लागल्या.

दुसरं कुणीच हसत नव्हतं. सर पांढरेफटक पडले होते. बापूसाहेबांनी फेटा काढून हातात घेतला.

"म्हणजे थोरवती हाय का न्हाई?" त्यांनी काकूंना नाही, सरांना नाही, मला विचारलं. "बाई, पाचशे तुम्ही मोजल्या. वही वाचा."

मी वही उघडली. "डाव्या वळणाच्या चारशे नव्व्याण्णव," असं मी वाचणार होते, कारण रेघ मारल्यावर मी बेरीजही जुळवून ठेवली होती. खोटं करायचं तर माप तरी बरोबर हवं, हीसुद्धा सरांचीच शिकवण. समोर सर उभे होते, आणि ते माझ्याकडे नाही, खाली बघत होते. त्यांची मान मी कधी खाली गेलेली पाहिली नव्हती. ती माझ्यासाठी खाली गेली होती, आणि ते मला सहन होईना.

रेघेवर अंगठा ठेवून मी म्हणाले, "डाव्या पाचशे. उजवी एकही नाही. बापूसाहेब, थोरवती नाही. कधी नव्हतीच."

गेली नोकरी, असं मी मनात म्हटलं. खरं सांगते, तेव्हा वाईट वाटलंच. चार वर्षं फुकट घालवल्याचा रागही आला.

बापूसाहेबांनी मला दंडाला धरून व्यासपीठाच्या कोपऱ्यात नेलं. माइकपासून लांब. घामानं त्यांचं कपाळ चमकत होतं.

"लेखी द्याल?"

"काय?"

"हेच. की थोरवती न्हाई, कधी नव्हती. शिक्क्यासकट लेखी द्याल?"

"देईन. पण…"

"बाई, सदुसष्टच्या निवडणुकीत विरोधकांनी बैलगाडीवर हे एवढं पायताण बांधून गावभर फिरवलं. खाली पाटी, 'हीच ती थोरवती'. तात्यासाहेब मरेतोवर कुणाच्या लग्नात चपला काढून आत गेले न्हाईत. कुणीतरी बोट दाखवून हसंल म्हणून. चोवीस वर्षं वाट बघतोय मी, कुणीतरी हिचा निकाल लावंल म्हणून! पर वडलांच्या नावाची, सरांच्या हातची, मी कोण तोंडानं नको म्हणणार? आता मघाशी भिंगात ती केसाळ दिसली तवा माझं काळीजच बसलं."

"त्या तुमच्या पापण्या होत्या, बापूसाहेब."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि परत टेबलाशी येऊन, सूक्ष्मदर्शकाच्या शालीवर कागद टेकवून, माझ्या ऑर्डरवर सही केली. सही करताना ते चक्क गुणगुणत होते.

भाषणं झाली, माणसं जेवणाच्या पंगतींकडे गेली. मी सामान आवरायला मागे राहिले. सर व्यासपीठाच्या पायरीवर बसले होते आणि काकू शेजारी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. हसून हसून आलेलं पाणी होतं ते.

"तेवीस वर्षं?" त्या विचारत होत्या. "मला वाईट वाटेल म्हणून?"

"हो."

"अहो, एकदा विचारायचंत की. तिथल्या तिथे सांगितलं असतं."

"पण कागद पालथा का करावा लागला तुला?" सरांमधला शास्त्रज्ञ अजून शुद्धीवर होता. "केस डावीकडे होते. हात उजवीकडून जातो. शाई पुसायचं कारणच नाही."

काकूंचं हसणं थांबलं.

"मी चित्र डाव्या हातानं काढते," त्या म्हणाल्या.

"तू? तू तर उजव्या हातानं लिहितेस."

"लिहायला मास्तरांनी पट्टी मारून मारून उजवा लावला. वाढायला तुमच्या आईनं लावला. चित्र काढताना, रांगोळी घालताना कुणी बघायला नसायचं, म्हणून ते तेवढं राहिलं माझं डावं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. दारात रोज रांगोळी असते."

मी ऑर्डर पर्समध्ये कोंबली आणि दुसरीकडे बघायला लागले, पण कान कुठे ठेवू? बांगड्या वाजल्या म्हणून नजर गेलीच. सरांनी काकूंचा डावा हात हातात घेतला होता, भर मंडपात, आमच्या त्या गावात, आणि चष्मा कपाळावर सरकवून ते एकेक बोट निरखून बघत होते.

"अहो, सोडा. लोक बघतायत," काकू पुटपुटल्या.

"बघू देत," सर म्हणाले. "माझंच बघायचं राहिलंय."